पान हलता कामा नये

६ ऑक्टोबर

आदरणीय बाई,

नमस्कार. आपली ओळख नाही. तुमच्या रजेच्या काळात तुमचा बालवर्ग माझ्याकडे आलाय. मुलं तुम्हाला 'मोठ्या बाई' म्हणतात आणि मला 'नव्या बाई'. माझं खरं नाव त्यांनी पहिल्याच दिवशी निकालात काढलं.

तुमचं कपाट उघडायला मला तीन दिवस लागले. कुलूप नव्हतं, धीर नव्हता. आत सगळ्यात वर तुमची टाचणवही होती आणि तिच्यात 'पानगळ, तीन आठवडे' असं लिहिलेलं. हायसं वाटलं. म्हटलं, आयतं ताट वाढून मिळालं. वाचायला घेतलं आणि घाम फुटला. ते तुम्ही स्वतःसाठी लिहिलंय हो! 'ठसे. कोण कुणाचं. उशिरा पडणारं पान.' बस्स, एवढंच. आणि शेवटी एका अख्ख्या कोऱ्या पानावर एकच ओळ : 'पान हलता कामा नये.' कुठलं पान, आणि ते का हलायचं नाही?

ठसे मी करून पाहिले. कागदाखाली पान ठेवलं, वरून मेणखडू घासला. वीस मुलं, वीस कागद आणि वीस नुसते डाग. तुमच्या वर्गात एकजण आहे ना, ज्याला सगळे इंजिन म्हणतात, कारण तो चालताना, खाताना आणि बहुतेक झोपेतही आवाज करत असतो? तो माझा कागद उलटसुलट करून म्हणाला, "नव्या बाई, तुमचं पान बिघडलंय."

एक चांगली बातमी मात्र आहे. अंगणात घोट्याएवढा पाचोळा साचला होता. सफाईच्या मावशी म्हणाल्या, "मोठ्या बाई हात लावू देत नाहीत." मी म्हटलं, बाई नाहीत म्हणून काय आपण शाळेचा उकिरडा करायचा? शनिवारी दोघींनी मिळून सगळं अंगण लख्ख केलं. तुम्ही पाहाल तर खूश व्हाल.

ऑफिसातून तुमचा फोन नंबर घेतलाय. बोलूनच विचारून घेऊ का सगळं?

आपली,
नव्या बाई


१० ऑक्टोबर

नव्या बाईंना,

तुमचं पत्र वाचून मी कपाळावर हात मारला, तो इतक्या जोरात की वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली.

सत्तावीस वर्षं मी तो पाचोळा मावशींच्या झाडूपासून वाचवत आले. तुम्ही एका शनिवारात त्याचा निकाल लावलात. अहो, पानगळीचा वर्ग आत भरतच नाही. तो पाचोळ्यात भरतो. तिथेच बसायचं, तिथेच मोजायचं, तिथेच लोळायचं. तुम्ही अंगण नाही झाडलंत, माझा फळा उचलून उकिरड्यावर नेऊन टाकलात.

असो. झाडून गेलेलं पान काही झाडाला परत चिकटत नाही.

ठसे : पान पालथं ठेवा. शिरा पाठीवर उठून आलेल्या असतात, पोटाकडून सगळी पानं गुळगुळीत. खडूवरचा कागद सोलून टाका आणि खडू आडवा धरून घासा, टोकाने नको.

कोण कुणाचं : पानांची नाती मुलांना लावू द्या. रंगाने लावा, आकाराने लावा असं सांगू नका. मुळात काही सांगूच नका. सांगायची फार इच्छा झाली तर गोळी चघळा.

उशिरा पडणारं पान : खुर्चीवर उभं राहून पान सोडायचं आणि ते जमिनीला टेकेपर्यंत मुलांनी मोजायचं.

शेवटची ओळ तुमच्यासाठी नाही. ती शेवटच्या दिवसाची आहे आणि तोवर मी येईन. अंगणातल्या झाडाचं शेवटचं पान पडायच्या आत माझ्या वर्गात हजर होईन, असं मी मुख्याध्यापिकांना लिहून दिलंय.

फोन करू नका. मला फोन आवडत नाही. मी सध्या दादाकडे आहे, तब्येतीला आराम म्हणून. पत्र इथल्या पत्त्यावर पाठवा.

मोठ्या बाई


१५ ऑक्टोबर

आदरणीय बाई,

मावशी तुमचं पत्र खांद्यावरून वाचत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "मी सांगत होते." तेव्हापासून रोज सकाळी त्या एकदा तरी 'मी सांगत होते' म्हणतात, कशाचाही संबंध नसताना.

मी मुलांना खरं तेच सांगितलं. म्हटलं, माझ्याकडून चूक झाली, मी आपला पाचोळा फेकून दिला. इंजिनसुद्धा एकदम थांबलं. मग म्हटलं, उद्या प्रत्येकाने आपल्या गल्लीतून मूठभर आणायचा.

बाई, मूठभर! डब्यातून आला, मोज्यांतून आला, एका आजोबांच्या टोपीतून आला. ती टोपी शोधत आजोबा दहा वाजता शाळेत. ती मुलगी आहे ना, सगळं कापडी पिशवीत कोंबून फिरते ती? तिने बारा पानं आणली, मला तरी सगळी एकसारखी दिसली. तसं म्हणाले तर तिने बाराही परत पिशवीत भरली आणि माझ्याकडे पाठ केली. अर्ध्या तासाने एक काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "हे आमच्या जिन्यातलं आहे. नीट बघ."

आता अंगणात वीस गल्ल्यांचा पाचोळा आहे. पूर्वीपेक्षा कमी, पण प्रत्येक पानाला पत्ता आहे. ठसे उमटले. पालथं पान, आडवा खडू, आणि कागदावर शिरा हळूहळू वर येताना मुलं श्वास रोखून बघत होती. मीपण.

नाती लावताना मी खरंच गोळी चघळली. भोकं पडलेलं तपकिरी पान आजोबा झालं, त्यांचे दात पडलेत. दोन लाल पानं एकमेकांशी बोलत नाहीत, का ते कुणी मला सांगितलं नाही. घरगुती मामला आहे म्हणे.

आणि खुर्चीवरून पान सोडलं तेव्हा कुणाचे चार झाले, कुणाचे नऊ. ती पिशवीवाली, मी तिला पिशवीच म्हणते, मोजतच राहिली. मी म्हटलं, अगं, टेकलं की ते. ती म्हणाली, "ते टेकलं. पण अजून पोचलं नाही."

हे मी तुम्हाला सांगायलाच हवं होतं, म्हणून सांगितलं. दुसरंही एक सांगायचंय. मुख्याध्यापिकांनी काल विचारलं, वर्षभर राहाल का? मी म्हटलं, विचार करून सांगते. मला राहायला आवडेल, खोटं कशाला बोलू. पण वर्ग तुमचा आहे. तुमच्याशी एकदा बोलता आलं असतं तर बरं झालं असतं.

नव्या बाई


१९ ऑक्टोबर

नव्या बाईंना,

पिशवीची बारा पानं दोन दिवस माझ्या डोक्यात आहेत. अशी मुलगी दहा वर्षांत एखादी येते. तिला घाई करू नका.

माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. खिडकीबाहेर एक झाड आहे, त्याची पानं मी दिवसभर पडताना बघते. सांगितलं तर हसाल, पण आता मला न बघता कळतं कुठलं पान पडलं. मोठं पान पडताना एकदाच वाजतं. लहान पान दोनदा.

दुपारी डोळा लागला तर वर्गाचं स्वप्न पडतं. मुलं अंगणात पाचोळ्यात निजलेली, पाचोळा कुठे संपतो आणि मुलं कुठे सुरू होतात तेच कळत नाही. मी हजेरी घेते. तोंड हलतं माझं, पण आवाज होत नाही. तरी एकेक मूल उठून बसतं, ज्याचं त्याचं नाव घेतल्यावर बरोबर. जाग येते तेव्हा बरं वाटत असतं. मग ते बरं वाटणं हळूहळू जातं.

मुख्याध्यापिकांना म्हणावं, घाई नको. मी येणार आहे.

मोठ्या बाई


२४ ऑक्टोबर

आदरणीय बाई,

काल मी फोन केला. तुम्ही नको म्हणाला होता, माझीच चूक. पण मुख्याध्यापिकांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं आणि पत्राला तीन-चार दिवस लागतात.

फोन उचलला गेला. मी म्हटलं, "बाई, मी नव्या बाई बोलतेय." पलीकडे कुणीतरी होतं. श्वास ऐकू येत होता. मी पुन्हा म्हटलं, "बाई?" मग फोन ठेवला गेला.

माझ्याशी बोलायचं नसेल तर हरकत नाही. तुमच्या खुर्चीवर कुणी बसलेलं तुम्हाला आवडत नसणार, हे मला कळतं. तुमची खुर्ची मी वापरत नाही, स्टुलावर बसते. मुख्याध्यापिकांकडून तीन आठवड्यांची मुदत मागून घेतलीये.

झाडावर आता एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या फांद्यांनाच पानं आहेत.

नव्या बाई


२७ ऑक्टोबर

पोरी,

आता 'अहो-जाहो' पुरे. तुला जे सांगणार आहे ते 'अहो' म्हणून सांगता येणार नाही.

फोन मीच उचलला होता. घरात कुणी नव्हतं, घंटी थांबेना, आणि सत्तावीस वर्षांची सवय की कुणी हाक मारली की ओ द्यायची. मी ओ दिली. तुला ती ऐकू आली नाही. तू दुसऱ्यांदा 'बाई?' म्हणालीस तेव्हाही दिली होती.

माझ्या घशाचं ऑपरेशन झालंय. गाठ काढली, ती वाईट नव्हती, जिवाला काही नाही. पण जाताना आवाज घेऊन गेली. महिनाभर मौन पाळलं, मग डॉक्टर म्हणाले, बोला. बोलले. श्वासापेक्षा जरा जाड असं काहीतरी निघालं. मी म्हटलं, आणखी किती दिवसांनी? ते म्हणाले, आवाज आता एवढाच.

शाळेत फक्त 'ऑपरेशन' एवढंच कळवलंय. बालवर्गाची बाई आणि आवाज नाही, म्हणजे पोहता न येणारा नावाडी. दादा पूर्वी म्हणायचा, तू आलीस की माझे कान किटतात. आता तोच माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "काहीतरी बोल की गं." वहिनीने मला टिचकीने वाजवायची घंटा आणून दिलीये. चहा हवा असेल तर एकदा, नको असेल तर दोनदा. दुकानातल्या गल्ल्यावर बसल्यासारखं वाटतं.

तुझा आवाज छान आहे. मुलांसाठी जरासा वरच्या पट्टीत आहे, दुपारनंतर खाली आण.

शेवटच्या दिवसाचा खेळ आता तूच घे. वाळलेलं पान देठाला धरून तोंडासमोर वीतभर अंतरावर धरायचं आणि बोलायचं. पान हलता कामा नये. ओरडलं की हलतं. फुरंगटून बोललं, घाईने बोललं तरी हलतं. ज्याचं पान हलत नाही तो जिंकला. मी हा खेळ वर्ग शांत करायला काढला होता आणि मी स्वतः एकदाही जिंकलेले नाही. माझा आवाज गल्लीच्या टोकाला जायचा.

राजीनामा लिहून ठेवलाय. सोमवारी टपालात टाकेन. तू मुख्याध्यापिकांना हो म्हण. आणि खुर्चीवर बस, स्टुलावर पाठ जाते. अंगणातलं एक पान मला पाठव.

मोठ्या बाई


१ नोव्हेंबर

बाई,

तुमचं पत्र मी कपाटाच्या दाराआड उभं राहून वाचलं. पिशवी आली, तिने माझ्याकडे बघितलं, पिशवीतून तिचं जिन्यातलं पान काढून माझ्या हातात दिलं आणि काही न विचारता निघून गेली.

पान पाठवत नाहीये. येऊन घ्या.

राजीनामा अजून टाकला नसेल तर पंधरा दिवस थांबा. टाकला असेल तर दादांना टपाल कचेरीत पाठवा. मी शाळेत कुणाला काही सांगितलेलं नाही आणि तुम्ही सांगेपर्यंत सांगणारही नाही. मुख्याध्यापिकांना एवढंच म्हणाले की चौदा तारखेला पानगळीचा शेवटचा तास आहे, तो मोठ्या बाईच घेतील, तुम्ही येऊन बसा. त्या म्हणाल्या, त्या बऱ्या झाल्या? मी म्हटलं, या तर खरं.

आम्ही तो खेळ सुरू केलाय. शेवटच्या दिवसापर्यंत थांबलो नाही, रागवू नका. पहिल्या दिवशी दोन मिनिटं. इंजिनचं पान तर त्याने तोंड उघडायच्या आधीच हललं. आज अर्धा तास झाला. आता हजेरी पानाच्या आवाजात होते. डबे पानाच्या आवाजात उघडतात. मावशी झाडू घेऊन दारात आल्या आणि म्हणाल्या, "पोरं आजारी आहेत का?" तर वीस पानं एकदम त्यांच्याकडे वळली आणि वीस जण कुजबुजले, "मावशी, हळू."

तुमच्या स्वप्नात तुम्ही हजेरी घेत होता आणि मुलं उठून बसत होती. ते स्वप्न मला रोज जागेपणी दिसतंय.

नव्या बाई


५ नोव्हेंबर

पोरी,

राजीनामा गादीखाली आहे. दादाने विचारलं, हे काय? मी दोनदा घंटा वाजवली.

तू मला गाळात ढकलते आहेस. मुख्याध्यापिका मागच्या बाकावर बसणार. मुलांचं सोड, त्यांच्यापर्यंत माझा शब्द पोचायला हवा की नको? काल वहिनीला जिन्याच्या तोंडाशी उभं करून गोष्ट सांगून पाहिली. ती माऊली मान हलवत होती, पण चुकीच्या जागी. समोर पानही धरलं होतं. जोर लावला की पान हलतं, आवाज मात्र तसूभर वाढत नाही. दिवसभर तेच. पान हललं, पान हललं.

आणि कळतंय का तुला, मी उभी राहू शकले तर तुझं वर्ष जाईल?

मोठ्या बाई


८ नोव्हेंबर

बाई,

कळतंय. रडून झालंय, सोमवारीच. आता ते पुन्हा काढू नका.

जोर लावू नका. पिशवीला मी विचारलं, तुझं पान कधीच कसं हलत नाही? ती म्हणाली, "मी त्याला सांगत नाही. ज्याला सांगायचं त्याला सांगते."

झाडावर तीन पानं उरलीत. मावशींनी काल येऊन पाहिलं आणि मला म्हणाल्या, "वारा आला तर शिडी लावून धरून ठेवू का?"

चौदा तारीख. सकाळी दहा. मी दाराबाहेर थांबेन. आत आले तर मुलं माझ्याकडे बघतील.

नव्या बाई


१६ नोव्हेंबर

पोरी,

तू दाराबाहेर होतीस, म्हणून तुला काही दिसलं नाही. आणि नंतर गर्दीत तू कुठे गेलीस ते मला दिसलं नाही. म्हणून लिहितेय. वर्गातच बसून लिहितेय, मुलं घरी गेलीत.

मी आत आले तेव्हा मुलं पाचोळ्याभोवती बसली होती. तुम्ही सगळ्यांनी तो आत आणून सतरंजीवर पसरला होता, हे मावशींनी मला आधी सांगायला हवं होतं, माझे पाय तिथेच थबकले. मुख्याध्यापिका भिंतीशी खुर्चीवर, हातात वही. तयार केलेलं सगळं डोक्यातून उडालं. मी खाली वाकले, हाताला लागलं ते पान उचललं, तोंडासमोर धरलं. कुणाला तरी सांगायचं होतं म्हणून समोर बघितलं तर समोर पिशवी होती. तिला म्हटलं, "मी फार लांब गेले होते."

पान हललं नाही.

बोलत राहिले. मी कुठे होते, खिडकीबाहेर कोण राहत होतं, मोठं पान एकदा वाजतं आणि लहान दोनदा. मुलं पुढे सरकत होती. गुडघ्यांवर, कोपरांवर, पाचोळ्यातून, पण एका पानाचाही आवाज नाही. शेवटी वीस डोकी माझ्या गुडघ्यांना टेकली. खुर्ची करकरली म्हणून बघितलं तर मुख्याध्यापिका पुढे झुकून झुकून खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. वही खाली पडलेली. त्यांना शब्द न् शब्द हवा होता.

मी थांबले. इंजिन माझ्या पानाकडे टक लावून बघत होता. त्याने आपलं पान तोंडासमोर धरलं आणि इतक्या हळू म्हणाला की मला ओठांवरून वाचावं लागलं, "मोठ्या बाई जिंकल्या."

वर्ग माझ्याकडे राहिला. मुख्याध्यापिकांना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, घशाचं कळलं, पण ही मुलं अशी कुणी केली? मी तुझ्याबद्दल सांगितलं. तुझ्यासाठी त्यांच्याकडे जागा नाही, तसं त्या स्पष्ट म्हणाल्या. पुढच्या वर्षाच्या यादीत तुझं नाव वर घेतलंय, पण यादी म्हणजे काही वर्ग नव्हे, हे मलाही कळतं. मी तुला गोड बोलून फसवणार नाही.

टाचणवही तुला पाठवतेय. माझ्या नोंदी तशाच ठेवल्यात, मात्र प्रत्येक ओळीखाली आता समजेल असं लिहिलंय. 'पान पालथं ठेवा' हे पहिलं. जिथे जाशील तिथे आधी अंगण बघ आणि झाडूवाल्या मावशींशी मैत्री कर.

सोबत एक पान आहे. काल दुपारी पडलं, झाडावरचं शेवटचं. मावशींनी शिडी लावली नव्हती. ते पडलं तेव्हा मुलं मोजत होती. पिशवी अजून मोजतेय.

रविवारी संध्याकाळी पाच वाजता मी तुला फोन करणार आहे. उचल. पलीकडून काही ऐकू आलं नाही तर ठेवू नकोस, थांब. खोलीतला पंखा बंद कर, खिडकी लाव. मी बोलत असेन.

मोठ्या बाई